एकाहत्तर टक्क्यांचे पेढे

माझं अक्षर वाईट आहे, ते आधीच सांगते. ऱ्हस्व-दीर्घ मला शाळेत असतानाही जमत नव्हते, आणि शाळा तरी किती, चौथीपर्यंत. ही वही चुकून कुणाच्या हाती लागली तर चुका सुधारून वाचाव्यात आणि अक्षराला हसू नये. मी हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. मुलगी हॅमिल्टनला राहायला गेल्यापासून संध्याकाळी घर शांत असतं. तिच्या हायस्कूलच्या वह्यांची मागची पानं कोरी राहिली आहेत. कोरं पान फेकून द्यायला माझा हात होत नाही, म्हणून लिहायला बसले.

आम्ही चंद्रपूरकडचे. आमचे हे फिटर आहेत, ते आधी इकडे परदेशात आले, मग मी आणि मुलगी आलो. मुलगी तेव्हा सहावीत होती. मिसिसागात एका घराच्या बेसमेंटमध्ये आम्ही राहतो. विमानतळ जवळ असल्यामुळे डोक्यावरून सारखी विमानं जातात, आणि त्या विमानांत जे जेवण देतात त्याचे ट्रे भरायच्या किचनमध्ये मी कामाला आहे. बेल्टवर उभं राहून प्रत्येक ट्रेमध्ये एक बन आणि लोण्याची एक वडी ठेवायची, हे माझं काम. बोलावं लागत नाही, म्हणून मला ते आवडलं. मी पहिल्यापासून कमी बोलणारी. चारचौघांत माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही.

मुलीला मी जे शिकवलं तेही तसंच. वर्गात गुपचूप बसायचं, शिक्षकांना त्रास द्यायचा नाही, मार्क आले की घरी दाखवायचे. ती तसंच करायची. आमच्या घरी शाळेवरून कधी कुणाचा फोन आला नाही. मला वाटायचं, याहून चांगलं काय असतं.

२०१६च्या उन्हाळ्यात तिचं अकरावीचं रिपोर्ट कार्ड आलं. इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो, पण आकडे वाचता येतात. सगळ्या विषयांची बेरीज मी ह्यांच्याकडून करून घेतली. एकाहत्तर टक्के.

साठच्या वर फर्स्ट क्लास, हे मला लहानपणापासून माहीत. आमच्या गावात एका मुलाला दहावीला बासष्ट मिळाले होते, तर त्याच्या बापाने त्याला ट्रॅक्टरवर बसवून गावभर फिरवलं होतं. इथे तर सगळं इंग्रजीत, आणि पोरगी सहावीत आलेली. मी दूध पावडर आणली, कंडेन्स्ड मिल्कचा डबा आणला आणि मायक्रोवेव्हमध्ये पेढे केले. हे पेढा खात म्हणाले, "एकाहत्तर होय? माझे अन् तुझ्या मामाचे मिळून एवढे होत होते."

मुलगी हसली. पेढा तिने हातात घेतला, खाल्ला की नाही ते मी पाहिलं नाही.

त्या रविवारी आमच्या आंबेडकर मंडळाची पिकनिक होती, तळ्याकाठच्या पार्कात. मंडळातली माणसं बहुतेक पगारदार, कुणी बँकेत, कुणी कॉम्प्युटरवर, कुणी हॉस्पिटलात. आम्हाला ती कधी कमी लेखत नाहीत, पण मीच बाजूला राहते. भांडी घासायची असली, वाढायचं असलं की मी पुढे, बोलायचं असलं की मागे. त्या दिवशी मात्र पेढ्यांचा डबा घेऊन मी स्वतः एकेकाकडे गेले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या एक ताई आहेत, मंडळाचा जमाखर्च त्या बघतात. त्यांनी विचारलं, "काय विशेष, वहिनी?"

"पोरीले एकाहत्तर टक्के मिळाले."

"अरे वा," त्या म्हणाल्या, आणि पेढा घेतला. पण घेण्याआधी थोडं थांबल्या. ते मला नंतर आठवलं.

पुढच्या टेबलावर एका कुटुंबाचा मुलगा बसला होता, माझ्या मुलीच्याच वयाचा. त्याने पेढा तोंडात टाकला आणि इंग्रजीत विचारलं, "सेव्हंटी-वन? आउट ऑफ व्हॉट?"

त्याच्या आईने त्याच्या हातावर चापट मारली. तो म्हणाला, "व्हॉट? मी नुसतं विचारलं." कुणीतरी हसलं, कुणीतरी मक्याची कणसं आणायला उठलं. माझी मुलगी बार्बेक्यूजवळ उभी होती. तिने हातातली प्लेट खाली ठेवली आणि तळ्याच्या बाजूने चालायला लागली.

मला काही समजलं नाही. ताईंनी पाणी भरायचं निमित्त काढून मला नळापाशी नेलं.

"वहिनी, रागवू नका. तिला पुढं काय करायचंय?"

"नर्स व्हायचं म्हणते."

"इथं नर्सिंगला पंच्याऐंशीच्या आसपास लागतात. कुठं कुठं त्याहून जास्त. सत्तर म्हणजे पास आहे, वाईट नाही, पण त्यावर ॲडमिशन नाही मिळत."

"फर्स्ट क्लास नाही का?"

"इथं तसं धरत नाहीत."

मी डब्याकडे पाहिलं. निम्मे पेढे उरले होते. परत नेले असते तर सगळ्यांना कळलं असतं की मला आता कळलंय. म्हणून मी परत गेले आणि उरलेल्या लोकांनाही पेढे दिले. सगळ्यांनी घेतले. सगळ्यांनी अभिनंदन केलं. डबा रिकामा केला.

घरात शिरल्यावर मुलगी बूट काढता काढता म्हणाली, "तू मला आधी विचारायचं होतंस."

"तू सांगायचं होतं न."

"कसं सांगू? नववीपासून दर वेळी तू काहीतरी गोड करतेस. यू आर सो हॅपी. मग मी काय बोलू?"

हे म्हणाले, "म्हणजे मार्क कमी हायेत हे तुले माहीत होतं."

"बाबा, सगळ्या क्लासला माहीत होतं. रिपोर्ट कार्डवर मार्कांच्या बाजूला क्लासचा मधला आकडा असतो. मिडियन. माझा त्याच्या खाली आहे. प्रत्येक विषयात."

मी रिपोर्ट कार्ड पुन्हा काढून पाहिलं. खरंच, प्रत्येक मार्काशेजारी दुसरा आकडा होता. मी तो पाहिला होता, पण मला वाटलं तो कशाचा तरी कोड नंबर असेल.

मी तिला एवढंच विचारलं, "तुले खरंच नर्स व्हायचंय का? की कोणी विचारलं म्हणून सांगतेस?"

ती म्हणाली, "खरंच." दोन वर्षांपूर्वी कारखान्यात ह्यांचा हात कापला होता. टाके घालताना इमर्जन्सीत तीच आमच्यातर्फे इंग्रजी बोलत होती. तिथली नर्स प्रत्येक गोष्ट आधी तिला समजावून सांगायची, मग ती आम्हाला. ती म्हणाली, "तेव्हापासून."

मग त्या दिवशी आमच्या घरात ठरलं की नर्सच व्हायचं. कसं ते कुणालाच माहीत नव्हतं.

सप्टेंबरात शाळा उघडल्यावर मी शिफ्ट बदलून घेतली आणि मुलीबरोबर शाळेत गेले. तिथे गायडन्स म्हणून ऑफिस असतं, पुढे काय शिकायचं ते तिथले सर सांगतात. मी पर्स मांडीवर धरून बसले. सर उंच होते, टेबलाखाली त्यांचे पाय मावत नव्हते. त्यांनी कागद घेतला आणि त्यावर सहा चौकोन काढले. मुलगी मला मराठीत सांगत होती.

"म्हणतात, बारावीचे बेस्ट सहा विषय धरतात. त्यांचा ॲव्हरेज. इंग्लिश, बायो आणि केमिस्ट्री त्यात पाहिजेच."

"अन् अकरावीचे?"

"लवकर ॲडमिशन देताना बघतात. नंतर नाही. नंतर बारावीचेच."

मी वाटेत बसमध्ये एक प्रश्न ठरवून ठेवला होता. तो मी तिला सांगितला. "त्यांना विचार, एखाद्या विषयात कमी पडले तर ते पुन्हा करता येतं का."

सरांनी माझ्याकडे बघून उत्तर दिलं, मुलीकडे बघून नाही. मला कळणार नाही हे त्यांना माहीत असूनही. मुलगी म्हणाली, "येतं. जास्तीचे मार्क धरतात. पण काही युनिव्हर्सिटी पुन्हा केलेला विषय कमी धरतात, म्हणून आधी बघून घ्यायचं."

मग सर आणखी काही बोलले, पण मुलीने ते मराठीत सांगितलं नाही.

"काय म्हणले?"

"काही नाही."

"सांग न."

"म्हणतात, मी विचारत नाही."

"कोणाले?"

"टीचर लोकांना. लंचमध्ये ते बसतात, ज्याला समजलं नाही त्याने जायचं असतं. मी तीन वर्षांत एकदाही नाही गेले."

"काऊन?"

ती खाली बघत म्हणाली, "तूच म्हणतेस ना, त्रास द्यायचा नाही."

सर आमच्याकडे बघून हसत होते. त्यांना वाटत असेल आम्ही कुठला विषय घ्यावा याचा विचार करतोय. मला त्यांना काहीतरी सांगावंसं वाटलं. मी मुलीला म्हटलं, "त्यांना सांग, उद्यापासून जाईल ती."

"आई, उद्या मॅथ नाहीये."

"मग असंल त्या दिवशी."

सांगणं सोपं होतं. रोज संध्याकाळी मी विचारायची, "गेली होती?" आणि ती म्हणायची, "उद्या." एकदा म्हणाली, दारापर्यंत गेले होते, आत दुसरी मुलं होती म्हणून परत आले. मला तिचा राग आला नाही. मी स्वतः सुपरवायझरला ग्लव्हज लहान होतात हे सांगायला हिवाळाभर थांबले होते.

हे म्हणाले, "मी येऊ का सोबत? तुझा डबा धरून दाराशी उभा राहतो."

"प्लीज, नको."

"बरं. मग बसचं तिकीट वाचलं."

त्याच आठवड्यात ती गेली. घरी येऊन बॅग ठेवली, आणि मी विचारायच्या आधीच म्हणाली, "गेले होते. मॅथचे सर म्हणाले, फायनली."

"म्हणजे?"

"म्हणजे, आलीस एकदाची."

"रागावून म्हणले?"

"नाही," ती म्हणाली. तिलाच त्याचं नवल वाटत होतं. "दुसरी खुर्ची ओढून दिली."

त्यानंतर तिला विचारावं लागलं नाही. संध्याकाळी मी पोळ्या लाटायला घेतल्या की ती ओट्याशेजारी स्टुलावर बसायची आणि शिकलेलं मला सांगायची. हे तिनेच काढलं. मॅथच्या सरांनी सांगितलं होतं की दुसऱ्याला समजावता आलं तरच स्वतःला आलं समजायचं. घरात दुसरी मीच. मूत्रपिंडात रक्त कसं गाळलं जातं, पेशी कशी दोन होते, हे सगळं तिने मला मराठीत सांगितलं. शब्द अडला की हाताने दाखवायची. मला त्यातलं फार समजलं असं नाही. पण ती अडली की मला कळायचं, कारण मराठी सोडून ती भराभर इंग्रजीत शिरायची. मी लाटणं थांबवायची. ती म्हणायची, "ओके, ओके, थांब," आणि पुस्तक उघडायची.

जानेवारीच्या शेवटी पहिल्या सेमिस्टरचे मार्क आले. या वेळी आम्ही दोघींनी आधी शेजारचा आकडा पाहिला. बायोलॉजी अठ्ठ्याऐंशी, वर्गापेक्षा किती तरी वर. मॅथ एक्क्याऐंशी. पण इंग्रजी अडुसष्ट.

बोलायला ती फाडफाड बोलते, मग अडुसष्ट कसे, हे मला कळेना. ती म्हणाली, "आई, बोलण्याचं नाही. पुस्तक वाचून एसे, म्हणजे निबंध, लिहायचा असतो. टीचर म्हणतात, मी गोष्ट सांगते, मला काय वाटतं ते लिहीत नाही."

ॲप्लाय करून झालं होतं. केमिस्ट्री आणि बाकीचे दोन विषय दुसऱ्या सेमिस्टरमध्ये होते. इंग्रजी असंच राहिलं तर बाकी सगळं चांगलं येऊनही नर्सिंग जाणार होतं, हे गायडन्सच्या सरांनी स्पष्ट सांगितलं. पुन्हा करायला सरकारी नाइट स्कूल फुकट होतं, पण ते जूनमध्ये संपणार, तोवर युनिव्हर्सिट्यांचे निर्णय झालेले. एक खाजगी शाळा होती, शनिवारी चालणारी, ती एप्रिलमध्ये मार्क देणार होती. ज्या तीन ठिकाणी तिने ॲप्लाय केलं होतं, तिथे पुन्हा केलेलं इंग्रजी चालतं हे तिने स्वतः ईमेल करून विचारून घेतलं. पूर्वी तिने असं ईमेल केलं नसतं.

राहिली फी. त्या थंडीत ह्यांच्या कारखान्यात आठवड्यातले दोन दिवस काम बंद होतं. भाडं आणि ग्रोसरी यातच पगार संपत होता. हे म्हणाले, "बँकेचं कार्ड हाय न." कार्डावर आधीच गाडीच्या विंटर टायरची उधारी होती.

आमच्या किचनमध्ये बायकांची कमिटी चालते. आपल्याकडे भिशी म्हणतात तीच. बारा जणी दर पगाराला, म्हणजे दर दोन आठवड्यांनी, शंभर शंभर डॉलर काढतात आणि एकीला एका वेळी सगळे मिळतात. नवीन कमिटी सुरू होताना दह्याच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकून नंबर काढतात. माझा नंबर शेवटचा आला होता. आधी हवे तर मागावे लागणार होते, तेही सगळ्यांसमोर, लंचरूममध्ये.

कमिटी बघतात त्या पंजाबी दीदी. बेल्टवर आमच्या पुढच्या जागी त्या असतात. वयाने मोठ्या, आवाजही मोठा. दोन दिवस मी डबा उघडून नुसती बसत होते. तिसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या, "बोल, क्या बात है? मुँह में दही जमा है क्या?"

मी म्हटलं, "दीदी, मेरा नंबर पहले मिल सकता है क्या?"

"क्यों, घरवाला भाग गया?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, मग म्हटलं, "बेटी की फीस है. उसको नर्स बनना है. इंग्लिश में मार्क कम हैं, फिर से करना है. शनिवार से क्लास है." इतकं मी त्या खोलीत कधी बोलले नव्हते.

त्या पगाराला नंबर एका गुजराती बेनचा होता. ती म्हणाली, "मेरा ले ले. मैं जून में इंडिया जाके आऊँगी, पैसा मेरे को उसके बाद ही चाहिए, मेरे को तेरा वाला चलेगा."

"सच में?"

"अरे, ले ले. मेरी छोरी के टाइम पे तू ना बोलेगी क्या?"

दीदी म्हणाल्या, "दो साल से यहाँ बैठ रही है, आज पता चला इसमें आवाज़ भी है." आणि माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी उचलून त्यांनी आपल्या पराठ्यावर घेतली.

पैसे मिळाले, म्हणजे आता दर पगाराला शंभर द्यायचे होते आणि घ्यायचं काही उरलं नव्हतं. मुलीने विचारलं, "कुठून आणलेस?"

"कमिटीतून. मागितले."

"तू मागितलेस? सगळ्यांसमोर?"

"मग काय, चिठ्ठी लिहून?"

तिने बॅगेतून वही काढली. मग म्हणाली, "आता मला एसे लिहावाच लागेल."

फेब्रुवारी-मार्चचे सगळे शनिवार ती बर्फातून दोन बस बदलून जायची. पुस्तकातल्या एका बाईवर तिने लिहिलेलं पान तिथल्या टीचरनी परत केलं होतं, वर नुसतं लिहिलेलं, मग तुला काय वाटतं. ती पान घेऊन माझ्याकडे आली. "आई, मला काय वाटतं ते लिहायचं म्हणजे काय? कुणाला काय फरक पडतो?"

माझ्या तोंडावर आलं होतं की आपल्याला कोण विचारतंय. मी ते गिळलं. म्हटलं, "त्या पुस्तकातल्या बाईचं तुले पटलं का?"

"नाही पटलं. ती घर सोडून जाते, पण धाकट्या बहिणीला काही सांगत नाही."

"मग तेच लिही न."

"एवढंच?"

"मले काय माहीत. मी चौथी पास."

ती हसली आणि तेच लिहायला बसली. किती वेळ लिहीत होती.

एप्रिलमध्ये इंग्रजीचे मार्क आले, चौऱ्याऐंशी. आम्हाला वाटलं झालं. पण पहिल्या युनिव्हर्सिटीने नाही म्हटलं. मग दुसरीनेही. दुसऱ्या नकाराच्या दिवशी ती जेवली नाही, ह्यांनी टीव्ही लावला नाही. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली आणि लंचमध्ये केमिस्ट्रीच्या बाईंकडेही गेली. केमिस्ट्रीत ती सत्तरच्या आसपास अडकली होती. केमिस्ट्री मराठीत सांगता येत नाही असं तिचं म्हणणं होतं. मी मीठ, सोडा आणि लिंबू पुढे ठेवले. ती म्हणाली, "आई, हे बारावीचं आहे," पण सोड्यावर लिंबू पिळून पाहिलंच.

मे महिन्यात एका दुपारी लंचरूममध्ये माझा फोन वाजला. कामावर ती कधी फोन करत नाही. मला वाटलं ह्यांना काही झालं.

"आई, हॅमिल्टनच्या युनिव्हर्सिटीचं आलं."

"काय म्हणले?"

"हो म्हणाले. पण कंडिशन आहे. फायनलमध्ये सहा विषयांचा ॲव्हरेज ऐंशीच्या खाली गेला नाही पाहिजे आणि केमिस्ट्री पंच्याहत्तर तरी पाहिजे. नाहीतर काढून घेतात."

"म्हणजे मिळालं की नाही मिळालं?"

"मिळालं. पण अजून नाही."

माझा चेहरा बघून दीदींनी विचारलं, "क्या हुआ? मिठाई खिला रही है?"

"अभी नहीं, दीदी. शर्त है." आधी वाटून मोकळं व्हायचं नाही, एवढं मी शिकले होते.

जूनमध्ये परीक्षा झाली. ती काही बोलली नाही, आम्ही विचारलं नाही. घरातले तिघेही दार वाजलं की पोस्टमन समजायचो, आणि मार्क तर फोनवर येणार होते. जुलैच्या सुरुवातीला एका सकाळी मी कामाला निघाले होते. ती झोपेतून उठून आली, फोन हातात धरून पायरीवर बसली.

"केमिस्ट्री सेव्हंटी-नाइन," ती म्हणाली.

मी विचारलं, "शेजारचा आकडा?"

"चौऱ्याहत्तर."

"अन् सगळ्यांचा मिळून?"

"त्र्याऐंशी." तिने फोन माझ्या हातात दिला. "आई, झालं."

मी पायरीवर तिच्या शेजारी बसले. माझी बस गेली. पुढच्या बसने गेले, उशीर झाला म्हणून सुपरवायझर बोलला. मी त्याला सांगितलं, "डॉटर, नर्स, ॲडमिशन." तो म्हणाला, "गुड, गुड. गो." कामावर कुणाला घरचं काही सांगितल्याची ही माझी दुसरी वेळ.

आठवड्याने हॅमिल्टनचं नक्की झाल्याचं ईमेल आलं. लॅबवाल्या ताईंना मी स्वतः फोन केला. त्यांनी टक्के विचारले नाहीत, तिथे राहायची सोय काय करताय ते विचारलं, आणि त्यांच्या ओळखीतल्या एका मराठी मुलीचा पत्ता दिला, जिच्या खोलीत जागा होती.

त्या शुक्रवारी पगार होता. गुजराती बेन इंडियाहून परत आली होती आणि शेवटचा नंबर, जो माझा होता, तो आता तिचा होता. लंचरूममध्ये सगळ्यांनी शंभर शंभर टेबलावर ठेवले. मी माझे ठेवले. दीदींनी नोटा मोजून बेनच्या हातात दिल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तेरा हिसाब पूरा. अब तू किसी की देनदार नहीं."

मी डबा उघडला आणि जेवायला लागले.